जुनी खुर्ची विकण्यापूर्वी

घरात नवा सोफा येण्याचा दिवस ठरला, की जुन्या खुर्चीच्या पाठवणीचाही दिवस ठरतो. आजोबांच्या लग्नाच्या वेळी मेस्तांनी ओसरीवर बसून घडवलेली ती शिसवी खुर्ची. तिची वेताची बैठक फाटलेली असते, एक हात हलू लागलेला असतो. अडगळीच्या खोलीतून ती अंगणात येते. जुन्या वस्तूंचा व्यापारी तिच्यात चार दोष काढतो, काही शे रुपये हातावर ठेवतो आणि तिला टेंपोत चढवून निघून जातो. घरातील मंडळींना वाटते, जागा मोकळी झाली. व्यापाऱ्याला मात्र ठाऊक असते, की थोडी दुरुस्ती आणि एक हात पॉलिश झाले की शहरातील दुकानात हीच खुर्ची कितीतरी पटींनी अधिक दाम देणार आहे.

गोव्यातील आणि बेळगाव-खानापूरकडील खेड्यांतून हा व्यवहार इतका नित्याचा झाला आहे की त्याचे कोणाला नवल वाटत नाही. आम्हांला त्यातील पैशाच्या तोट्यापेक्षा दुसऱ्याच एका गोष्टीचे दुःख होते. त्या खुर्चीत काय आहे, ती पाऊणशे वर्षे कशाच्या बळावर उभी राहिली, हे विकणाऱ्याला माहीत नसते. माहीत असूनही कोणी विकली तर आमचे काही म्हणणे नाही. संसाराच्या अडचणी ज्याच्या त्याला ठाऊक. परंतु अजाणता कोणी विकू नये. म्हणून उत्तम लाकूडसामान हाताने कसे घडते, त्यामागे कोणती हत्यारे आणि कोणत्या युक्त्या असतात, हे आमच्या वाचकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजले आहे.

लाकडाचा स्वभाव

सुताराला पहिला धडा शिकावा लागतो तो हत्याराचा नसून लाकडाचा असतो. झाड तोडले, फळ्या काढल्या, त्या वाळवल्या, तरी लाकूड स्वस्थ बसत नाही. हवेत ओलावा वाढला की ते पाणी शोषते आणि फुगते. हवा कोरडी झाली की पाणी सोडते आणि आकसते. शंभर वर्षांपूर्वीची फळीही हे करीतच असते.

ही हालचाल सर्व दिशांनी सारखी नसते. लांबीच्या दिशेने ती जवळजवळ नसतेच. रुंदीच्या दिशेने मात्र ती चांगलीच असते. सागवानासारखे शांत स्वभावाचे लाकूड घेतले तरी ओले असल्यापासून पूर्ण सुके होईपर्यंत ते खोडाच्या वलयांच्या अनुरोधाने सुमारे ६ टक्के आकसते, आणि गाभ्यापासून सालीकडे जाणाऱ्या दिशेने सुमारे अडीच टक्के. या दोन आकड्यांतील फरकामुळेच काही फळ्या वाळताना पन्हाळीसारख्या वाकतात. वाळलेल्या लाकडातही ऋतूप्रमाणे ही चढउतार चालूच राहते. फळीतील ओलाव्यात पाच टक्क्यांचा फरक पडला, तर वलयांच्या अनुरोधाने चिरलेली दीड फूट रुंदीची सागवानी फळी सुमारे चार मिलीमीटर कमीजास्त होते. चार मिलीमीटर म्हणजे काय मोठेसे, असे कोणी म्हणेल. पण त्याच फळीला चारी बाजूंनी खिळे ठोकून जखडले असेल, तर तिला जाण्यास जागा राहत नाही आणि ती चिरते. आवाज करून चिरते, आणि बहुधा फाल्गुन-चैत्रातील कोरड्या रात्री.

आषाढात कपाटाचा खण अडतो, तो याच कारणाने. गृहिणी चिडते, यजमान रंधा किंवा कानस शोधू लागतात. आमची त्यांना विनंती आहे, की त्या वेळी खणाला हात लावू नये. पावसाळ्यात रंधून सैल केलेला खण मार्च महिन्यात खडखडत बसेल. खणाच्या कडांवर मेणबत्तीचा एक तुकडा घासावा आणि दिवाळीपर्यंत थांबावे. जाणता सुतार खण बसवताना आधी महिना विचारात घेतो: कोरड्या दिवसांत केलेल्या खणाला वर थोडी अधिक फट ठेवतो, पावसात केलेल्या खणाला कमी.

लाकूडसामानाची सारी कला या एका गोष्टीभोवती फिरते. लाकडाला हालण्यास वाव ठेवायचा आणि तरीही ते घट्ट बांधायचे. ज्याला हे साधले त्याची खुर्ची नातवंडांपर्यंत पोहोचते.

पेटीतील हत्यारे

सुताराची पेटी उघडली की नजर कापणाऱ्या हत्यारांवर जाते. परंतु चांगले काम सुरू होते ते आखणीपासून. गुण्या हे आखणीचे मुख्य साधन. तो खरोखर काटकोनात आहे की नाही, हे पाहण्याची युक्ती शाळेतील मुलालाही जमेल. सरळ कडेच्या फळीवर गुण्या टेकवून एक रेघ ओढावी, मग गुण्या उलटा करून त्याच ठिकाणाहून दुसरी रेघ ओढावी. दोन्ही रेघा एकमेकींवर पडल्या तर गुण्या खरा. फाकल्या तर तो जितका चुकला असेल त्याच्या दुप्पट फट दिसते. जुने मेस्त नवा गुण्या विकत घेताना दुकानातच ही परीक्षा करीत.

सांध्याच्या जागी रेघ पेन्सिलीने न मारता धारदार सुरीने मारतात. पेन्सिलीच्या रेघेला जाडी असते, आणि करवत तिच्या अलीकडे चालवावी की पलीकडे हा प्रश्न उरतो. सुरीची रेघ लाकडाचे तंतूच तोडते. पटाशीची धार त्या खाचेत आपोआप बसते आणि कड कुरतडली न जाता स्वच्छ निघते. फळीच्या कडेला समांतर रेघ ओढण्यासाठी एका दांडीवर सरकणारा ठोकळा आणि टोकाला अणकुचीदार खिळा असे एक साधे साधन असते. त्याला मार्किंग गेज म्हणतात. ते एकदा जुळवले की वीस खुर्च्यांचे ऐंशी पाय एकाच मापाने आखले जातात.

करवती दोन प्रकारच्या असतात, हे पुष्कळांना ठाऊक नसते. लाकूड लांबीने फाडायचे असेल तर तिचे दाते लहान लहान पटाश्यांसारखे घासलेले असतात. आडवे कापायचे असेल तर सुरीच्या टोकांसारखे. शिवाय दाते आळीपाळीने डावीउजवीकडे किंचित वाकवलेले असतात, म्हणजे पडणारी चीर पात्यापेक्षा रुंद होते आणि करवत लाकडात अडकत नाही. करवत एकाच बाजूला ओढली जात असेल तर दोष बहुधा हाताचा नसतो. एका बाजूचे दाते अधिक वाकलेले असतात.

वाकस हे ओबडधोबड तासणीचे हत्यार. त्याने लाकडाला आकाराच्या जवळ आणायचे. त्यानंतर रंधा. रंध्याच्या लाकडी किंवा लोखंडी अंगात पाते साधारणपणे ४५ अंशांत तिरपे बसवलेले असते, आणि चांगल्या रंध्यात त्या पात्यावर दुसरे एक लोखंड घट्ट बसवलेले असते. हे दुसरे लोखंड कापीत नाही. निघणारी साल ते लगेच वर वळवून मोडते, त्यामुळे ती पुढचे लाकूड उपटीत नाही. रंधा कोणत्या दिशेने चालवावा हेही लाकूडच सांगते. मांजराच्या पाठीवरून केसांच्या दिशेने हात फिरवला तर ते डोळे मिटते, उलट फिरवला तर फिस्कारते. लाकडाच्या रेषांचेही तसेच आहे. योग्य दिशेने चाललेल्या धारदार रंध्याखालून कांद्याच्या पापुद्र्याएवढी पातळ साल निघते, आणि खालचे लाकूड आपोआप चमकू लागते. पॉलिश पेपरने घासलेल्या लाकडावर बारीक ओरखडे राहतात आणि त्यांत भुसा बसतो. रंध्याने कापलेल्या पृष्ठभागावर तंतू स्वच्छ तुटलेले असतात, म्हणून त्याचा रंग आणि रेषा अधिक उठून दिसतात.

रंध्याचा इतिहास जुना आहे. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हिअस ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई नगरात रोमन सुतारांचे रंधे सापडले आहेत, आणि आजचा सुतार ते पाहताच ओळखील.

पटाशी आणि तिच्याहून अरुंद किकरे यांनी खाचा घेतात, आणि त्यांच्यावर प्रहार करण्यासाठी लाकडी मोगरी वापरतात, म्हणजे हत्याराची मूठ फुटत नाही. परंतु या सर्व हत्यारांचा प्राण निसण्यावर असतो. धार म्हणजे दोन गुळगुळीत पृष्ठभाग जेथे एकमेकांस मिळतात ती रेषा होय. पटाशीची तिरपी बाजू साधारण २५ अंशांत घासून टोकाला ३० अंशांची बारीक धार देतात. मागची सपाट बाजूही तितकीच गुळगुळीत हवी, आणि नवशिके नेमकी तीच विसरतात. बोथट पटाशी धारदार पटाशीपेक्षा अधिक घातक असते, कारण तिला जोर लावावा लागतो, आणि जोर लावलेले हत्यार निसटले की हातात शिरते. म्हणूनच मेस्तांकडे शिकायला आलेल्या पोराच्या हाती पहिले काही महिने निसणाच दिला जात असे. पोराला तो छळ वाटे. तो त्याच्या बोटांचा विमा होता.

सांधा

दोन लाकडे एकमेकांना कशी जोडली आहेत, यावर सामानाचे आयुष्य ठरते. खिळा हा सर्वांत सोपा मार्ग, आणि उत्तम कामात तो सर्वांत कमी वापरला जाणारा.

खुर्चीचा पाय आणि आडवी पट्टी जोडताना पट्टीच्या टोकाला जीभ काढतात. तिला कुसू म्हणतात. पायात तेवढ्याच मापाची खाच घेतात. कुसवाची जाडी साधारणपणे लाकडाच्या जाडीच्या एक तृतीयांश ठेवतात, म्हणजे कुसूही दुबळे होत नाही आणि खाचेच्या भिंतीही पातळ होत नाहीत. कुसू खाचेत हाताच्या दाबाने आणि मोगरीच्या एकदोन टोल्यांनी जावे. ठोकून ठोकून घालावे लागले तर पाय फुटेल. आपोआप घसरले तर सांधा ढिला राहील.

त्यानंतर येते खुंटीची युक्ती, आणि ती मोठी सुंदर आहे. खाचेच्या भिंतींतून एक भोक आरपार पाडतात. कुसवातील भोक मात्र त्याच्या अगदी समोर न पाडता पट्टीच्या खांद्याकडे एखाद दीड मिलीमीटर सरकवून पाडतात. मग टोक निमुळती केलेली सरळ तंतूंची लाकडी खुंटी ठोकली, की ती दोन्ही भोके एका रेषेत आणू पाहते आणि कुसवाला खाचेत खेचून धरते. सरस सुकून गेला तरी असा सांधा सुटत नाही. ज्या खुर्चीच्या पायावर अशी लहानशी गोल खुंटी दिसते, ती खुर्ची विकण्यापूर्वी दोनदा विचार करावा.

खणासाठी दुसरा सांधा वापरतात. खण रोज पुढे ओढला जातो, म्हणून त्याची दर्शनी फळी बाजूच्या फळ्यांपासून सुटण्याचा धोका असतो. तेथे पारव्याच्या पसरलेल्या शेपटीसारखे, टोकाशी रुंद आणि मुळाशी अरुंद असे दाते काढून ते एकमेकांत गुंतवतात. सुतार त्याला डव्हटेल म्हणतात. शेपटीचा उतार मऊ लाकडात सहास एक आणि कठीण लाकडात आठास एक असा ठेवण्याचा प्रघात आहे. खण जितका ओढावा तितकी ही शेपटी खाचेत अधिक घट्ट रुतते.

आणि तिसरी युक्ती कपाटाच्या दारांची. रुंद फळीचे एकसंध दार केले तर ते पावसात फुगून चौकटीत अडकेल आणि उन्हाळ्यात चिरेल. म्हणून चार अरुंद पट्ट्यांची चौकट करतात, तिच्या आतल्या कडेला खोबण घेतात आणि मधली फळी त्या खोबणीत नुसती सोडून देतात. तिला सरस नाही, खिळा नाही. ती आत मोकळेपणाने फुगते, आकसते, आणि बाहेरची चौकट जशीच्या तशी राहते. मेजाची फळीही अशीच, खाली खाचेत अडकवलेल्या लहान लाकडी ठोकळ्यांनी धरतात. घाईचे काम करणारा सुतार ही मधली फळी सरसाने चिकटवून टाकतो, आणि दोन उन्हाळ्यांत तिच्या मधोमध चीर पडते.

हे ज्ञान किती जुने आहे! इजिप्तमध्ये १९२२ साली तुतनखामेन राजाचे थडगे उघडले, तेव्हा त्यातून खुर्च्या, पलंग आणि पेट्या निघाल्या. सुमारे तेहतीसशे वर्षांपूर्वीच्या त्या सामानात कुसू आणि खाच आहे, पारव्याच्या शेपटीचा सांधाही आहे. त्या सुतारांजवळ रंधा नव्हता. वाकस, करवत, तांब्या-काशाच्या पटाश्या आणि दोरीने फिरवायचा सामता एवढ्यावर त्यांनी ते केले.

आपल्या मेस्तांची करणी

एवढ्या दूर जाण्याचेही कारण नाही. सोळाव्या आणि सतराव्या शतकांत पोर्तुगीजांसाठी गोव्यात व पश्चिम किनाऱ्यावर भारतीय कारागिरांनी जे लाकूडसामान घडवले, ते आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आणि लिस्बनच्या संग्रहालयांत जपून ठेवलेले आहे. त्यात कोंतादोर म्हणून एक प्रकार आहे: अनेक लहान लहान खणांची, उंच बैठकीवर ठेवलेली पेटी. सागवानावर आबनूस आणि हस्तिदंत जडवून तिच्यावर वर्तुळांत वर्तुळे गुंफलेली नक्षी केलेली असते, आणि काही पेट्यांचे पाय नागकन्यांच्या किंवा मत्स्यकन्यांच्या आकृतींचे असतात. आकार परदेशी मालकाच्या गरजेचा, आणि कोरणी आपल्या मातीतील. जडावाचे काम करताना आबनुसाचा पातळ तुकडा आधी कापून घेतात, तो सागवानावर ठेवून सुरीने त्याची कड आखतात, किकऱ्याने त्याच्या जाडीपेक्षा किंचित कमी खोल खाच घेतात, तुकडा चिकटवतात आणि वर आलेला भाग खरवडून सपाट करतात. एका दर्शनी फळीवर असे शेकडो तुकडे बसवलेले असतात. वीज नव्हती, यंत्र नव्हते. होते ते दिवसाचे ऊन आणि धारदार हत्यार.

आपल्या चर्चच्या सॅक्रिस्टीत मिस्साची वस्त्रे ठेवण्याचे जे लांबरुंद खणांचे कपाट असते, त्याचे खण एवढे मोठे का? जरीकाम केलेली वस्त्रे घडी न घालता आडवी ठेवता यावीत म्हणून. तेवढ्या रुंदीचा जड खण ओढताना वाकडा होऊन अडकू नये, हे साधणे सोपे नाही. ज्यांना जुन्या घरातील सामान पाहायचे असेल त्यांनी चांदर येथील ब्रागांझा घराण्याच्या वाड्यात एकदा जाऊन यावे. तेथील खुर्च्या पाहताना नक्षीवरच न थांबता सांध्यांकडेही पाहावे.

अशा खुर्च्यांना वेताची बैठक असते, तिलाही कारण आहे. आपल्याकडील दमट हवेत गादीला बुरशी येते; वेताच्या जाळीतून वारा खेळतो. ही जाळी सहा वेळा वेत फिरवून विणतात: दोनदा उभा, दोनदा आडवा, दोनदा तिरपा.

आणखी एक लहानशी गोष्ट. आपण मेस्त किंवा मिस्त्री म्हणतो तो शब्द पोर्तुगीज मेस्त्रे या शब्दावरून आला आहे; त्याचा अर्थ गुरू, उस्ताद. अलमारी आणि तिची चावी हेही दोन्ही शब्द त्याच भाषेतून आले. शब्द आपण जपले आहेत. वस्तू मात्र टेंपोत चढवीत आहोत.

खण उलटा करून पाहा

आपल्या घरातील सामान हाताचे आहे की यंत्राचे, हे ओळखण्यास पारखी माणूस बोलवावा लागत नाही. कपाटाचा एक खण पूर्ण बाहेर काढून उलटा करावा. तळाच्या फळीवर तिरप्या उजेडात बोटे फिरवली आणि हलके चढउतार लागले, तर ती रंध्याची खूण आहे. सांध्यातील शेपट्या एकमेकींपासून किंचित वेगळ्या मापाच्या असतील, तर त्या हाताने कापलेल्या आहेत. सांध्याच्या मुळाशी गेजची बारीक रेघ दिसली, तर ती त्या मेस्तांची सहीच समजावी. तळाची फळी खोबणीत मोकळी आहे ना, तेही पाहावे.

मग लाकूड पाहावे. सागवानाच्या गाभ्यात टेक्टोक्विनोन नावाचे द्रव्य असते, त्यामुळे वाळवी त्याच्या वाटेस सहसा जात नाही. खोडाच्या बाहेरच्या फिकट भागात मात्र हे संरक्षण नसते. नवे सामान घेताना सागवानाच्या नावाखाली हाच फिकट भाग तर गळ्यात मारला जात नाही ना, याकडे लक्ष असावे. शिसवाविषयी तर काय सांगावे! आपल्याकडे सागवान पक्व होण्यास ५० ते ८० वर्षे लागतात असे धरतात, आणि शिसव वाढण्यात त्याहून मंद. शिसव-शिसमच्या कुळातील सर्व जातींचा आंतरराष्ट्रीय व्यापार २०१७ सालापासून सायटीस कराराच्या नियंत्रणाखाली आला आहे, कारण ही झाडे जगभर वेगाने कमी होत आहेत. आजोबांच्या खुर्चीतील रुंद, काळसर, एकसंध फळी आज पैसे मोजूनही सहज मिळत नाही.

दुरुस्तीच्या चार गोष्टी

खुर्चीचा हात हलू लागला की घरोघरी एकच उपाय होतो: एक लांब खिळा. याहून वाईट उपाय नाही. खिळा कुसवाला फोडतो, गंजतो, आणि पुढे जाणत्या सुताराला सांधा उघडणेही अशक्य करतो. जुना सांधा बहुधा जनावरांच्या कातड्या-हाडांच्या सरसाने जोडलेला असतो. हा सरस ऊब आणि ओलावा मिळाला की मऊ होतो, म्हणून सांधा उघडता येतो, स्वच्छ करता येतो आणि पुन्हा जोडता येतो. आजचे पांढरे गोंद घट्ट धरतात हे खरे, पण ते इतक्या सहज सुटत नाहीत.

वेताची बैठक फाटली नसून नुसती झोळ पडली असेल, तर खालच्या बाजूने ओल्या फडक्याने ती चांगली भिजवावी आणि सावलीत रात्रभर वाळू द्यावी. वाळताना वेत आवळतो आणि बैठक ताणली जाते.

जुन्या सामानावरील चमक बहुधा लाखेची असते. लाखेच्या किड्यांपासून मिळणारी चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून, कापसाच्या बोळ्याभोवती कापड गुंडाळून, एकावर एक अनेक पातळ हात देतात. त्याला फ्रेंच पॉलिश म्हणतात, पण लाख आपल्याच देशातील रानांतून जाते. या पॉलिशला स्पिरिट चालत नाही. २०२० सालच्या साथीपासून घराघरांत आलेल्या हात धुण्याच्या सॅनिटायझरमध्येही मद्यार्क असतो. तो जुन्या मेजावर सांडला तर पॉलिश विरघळून पांढरा डाग पडतो. मात्र याच गुणामुळे लाखेचे पॉलिश दुरुस्त करणेही सोपे असते. त्यावर तैलरंग फासून आजोबांचे शिसव झाकून टाकू नये, एवढेच आमचे सांगणे.

चौथी गोष्ट साधी आहे. ओल्या जमिनीवर पाय टेकलेले कपाट पावसाळ्यात खालून ओल पिते. त्याच्या पायांखाली दगडी किंवा कठीण लाकडाच्या चकत्या ठेवाव्यात आणि ते भिंतीपासून चार बोटे दूर सरकवावे.

मेस्तांच्या मुलाचे काय?

यंत्राविषयी आमचे काही वैर नाही. ओंडके चिरणे, जाड फळ्या एका जाडीच्या करणे ही कामे यंत्राने करावीत. माणसाची कंबर मोडण्यात पुण्य नाही. प्लायवूडही आपल्या जागी उपयोगी आहे. त्याचे पापुद्रे एकाआड एक आडवे-उभे चिकटवलेले असतात, म्हणून ते ऋतूप्रमाणे फारसे फुगत नाही. ज्याच्या खिशात तेवढेच पैसे आहेत त्याने चांगल्या प्लायवूडचे कपाट घ्यावे आणि लाजू नये. परंतु भुशाच्या दाबून केलेल्या फळीचे चकचकीत कपाट घेताना एवढे ध्यानात असावे, की पाणी शिरले की ती फळी फुगते व पुन्हा पूर्ववत होत नाही, आणि एकदा उपटून निघालेला स्क्रू त्याच भोकात पुन्हा धरत नाही. ते दुरुस्त करण्यासाठी घडवलेलेच नसते.

आमची खरी काळजी वेगळी आहे. सामान टिकले आणि ते दुरुस्त करणारा हात गेला, तर त्या सामानाचे दिवसही मोजलेलेच राहतील. वडील उत्तम मेस्त आणि मुलगा आखातात किंवा शहरात दुसऱ्याच कामावर, असे घर आता गावोगाव आहे. त्या मुलांना दोष देणे अन्यायाचे होईल. ज्या कामाला वर्षानुवर्षे शिकावे लागते, त्या कामाची मजुरी देताना आपण घासाघीस करतो. सोफ्याच्या दुकानात चिठ्ठीवरील किंमत निमूट देणारा गृहस्थ मेस्तांशी मात्र पाचशे रुपयांसाठी अर्धा तास वाद घालतो. पोप बारावे पायस यांनी १९५५ साली १ मे हा कामगार संत योसेफाचा सण म्हणून नेमून दिला. त्या दिवशी सकाळी सुतारकामाची थोरवी ऐकायची आणि संध्याकाळी सुताराची मजुरी कापायची, हे आपल्याला शोभत नाही.

शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून सुतारकामाचे शिक्षण मिळते. तेथे मुलाला मोजमाप, आखणी आणि यंत्रे समजतात. सांध्याची खरी समज मात्र जुन्या मेस्तांच्या शेजारी बसूनच येते. त्यासाठी मेस्तांकडे काम असले पाहिजे, आणि ते आपणच देऊ शकतो. प्रत्येक कुटुंबाने वर्षातून एक जुनी वस्तू दुरुस्तीला द्यावी: एक खुर्ची, एक खण, आजीची एखादी पेटी. मजुरी ठरलेली, आणि ती वेळेवर द्यावी. काम चालू असताना घरातील मुलांना तेथे बसू द्यावे. रंध्याखालून निघालेली पहिली पातळ साल हातात घेतलेल्या दहा मुलांपैकी एखाद्याला तरी ते काम करून पाहावेसे वाटेल.

पुढच्या वेळी व्यापाऱ्याचा टेंपो अंगणात उभा राहील, तेव्हा त्याला थोडे थांबवावे. खुर्ची उलटी करावी, पायावरची खुंटी शोधावी, सांध्याची रेघ पाहावी. त्यानंतरही ती द्यावीशी वाटली, तर तिचे खरे दाम मागून द्यावी. आमचा अंदाज असा आहे, की दहांपैकी सहा घरांत ती पुन्हा ओसरीवर येईल आणि दुसऱ्या दिवशी मेस्तांना निरोप जाईल.